आमची वाटचाल: अण्णांची व्हिटवर्थची पेटी

अण्णांनी पुण्यात नाना पेठेत गॅरेज काढलं तेव्हा रस्त्यावर फियाट आणि अँबॅसिडर, एवढंच. फियाटला मिलिमीटरचे पाने, अँबॅसिडरला इंची. तिसरी पेटी व्हिटवर्थची, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्यांची. ती अण्णांनी जुन्या बाजारातून बुधवार-रविवारी एकेक पाना वेचून भरली. काही किंग डिक, ब्रिटूल अशा ब्रिटिश कंपन्यांचे, काही बिननावाचे. "भंगारात पैसे घालतोय," असं सगळी पेठ म्हणायची. आज त्याच भंगारावर दोन घरं चालतात, एक आमचं आणि एक आमच्या लेथवरच्या टर्नर काकांचं.

धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, पण हल्लीची पोरं विचारतात म्हणून लिहितो. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टची जाडी लिहिलेली असते, तोंडाचं माप नाही. १/४ लिहिलेल्या पान्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे साधारण १३.३ मिलिमीटर. तेराचा पाना त्यावर चढत नाही आणि चौदाचा चढतो, पण फिरतो. चौदाच्या पान्याने गोल केलेले नट आम्ही बरणीत भरून ठेवलेत. नवीन हेल्पर आला की आधी ती बरणी दाखवतो. हाच १/४ चा पाना ५/१६ बीएसएफच्या (बारीक आट्यांचं ब्रिटिश माप) नटालाही लागतो, म्हणून कित्येक पान्यांवर दोन्ही मापं ठोकलेली असतात. विकत घेताना चकाकी बघू नका, तोंड मोजायला व्हर्नियर घेऊन जा. तोंड पसरलेला पाना कितीही नामी कंपनीचा असला तरी तो पेपरवेट म्हणूनच घ्यावा.

मधली बरीच वर्षं बरी गेली. त्यांचं काय लिहायचं!

लिहायचंय ते त्या एका प्रकरणाबद्दल. आमच्याकडेच शिकलेला एक जण बाहेर पडला आणि दोन गल्ल्या सोडून त्याने शटर उघडलं. उघडावं, आमची ना नव्हती. जाताना आमची निम्मी गिऱ्हाइकं घेऊन गेला, तेही सोसलं. मग त्याच्याकडे एका व्यापाऱ्याची एमजी टीसी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आली. बाराशे पन्नास सीसीचं इंजिन, वरून बघाल तर बोल्टची सगळी डोकी व्हिटवर्थची. गोम अशी की आत आटे मिलिमीटरचे आहेत. मॉरिस या इंग्लिश मोटारवाल्याने १९२३ साली कॉव्हेंट्रीचा हॉचकिसचा इंजिन कारखाना घेतला. हॉचकिस मूळ फ्रेंच, त्यामुळे यंत्रं मेट्रिक. ती तशीच चालू ठेवली, आणि इंग्लिश मिस्त्र्यांच्या हातातले पाने लागावेत म्हणून डोकी तेवढी व्हिटवर्थच्या मापाची केली. आपल्याकडची हिंदुस्थान टेन म्हणजे मॉरिस टेनच, तिच्यातही हीच भानगड.

या पठ्ठ्याने डोकं बघितलं, ५/१६ बीएसएफचे बोल्ट आणले आणि ब्लॉकमध्ये घातले. तो बोल्ट ७.९४ मिलिमीटर, भोक ८ चं. पहिले दोन-तीन आटे हाताने लोण्यासारखे जातात. पुढे बोल्टला इंचाला बावीस आटे आणि भोकाला पंचवीसच्या वर, मग तो अडकणारच. अडकला की शहाणा माणूस थांबतो. याने जोर यावा म्हणून पान्याला पाइप लावला.

ब्लॉकचे आटे गेले, तेल गळायला लागलं आणि गाडी आमच्या दारात आली. आम्ही बोल्ट काढायला घेतले तोवर गावभर बातमी, की आटे आम्ही मारले! व्यापाऱ्याने ते खरं मानलं. नव्या लेथचे बँकेचे हप्ते चालू होते. जुन्या गाड्यांचं काम एकदम आटलं, स्कूटरींची पंक्चरं काढून पगार दिले. अण्णा गॅरेजमध्ये यायचे, पेटी पुसायचे आणि घरी जायचे.

सावरलं ते कॅम्पातल्या बावाजींमुळे. त्यांचीही टीसीच, आणि टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट एकोणीस थाऊच, म्हणजे इंचाचे एकोणीस हजारांशच हवी असा हट्ट. वर प्लेटवर लिहिलंय ना, मग तेवढीच. बावाजींनी आमच्याकडून ते काढलेले बोल्ट मागून घेतले. रविवारी गाडीवाल्या मंडळींचा चहा असतो, तिथे टेबलावर मांडले आणि शेजारी आटे मोजायची पट्टी ठेवली. पट्टीचं बावीसचं पान बोल्टच्या वरच्या आट्यांत चपखल बसलं, म्हणजे बोल्टच चुकीचे. खालचे आटे पिळवटलेले, त्यांत ब्लॉकच्या बिडाचा चुरा. "हे बोल्ट अण्णा मिस्त्रीनी घातले का, मिस्त्रीनी काढले?" एवढंच विचारलं त्यांनी. व्यापारी गप्प. त्याने माफी आजपर्यंत मागितलेली नाही, बिल मात्र भरलं.

टर्नर काकांनी भोकं मोठी करून लोखंडी बुश बसवले, त्यात आटे पाडायचा ८ बाय १ चा टॅप फिरवला, म्हणजे जाडी आठ मिलिमीटर आणि पिच (दोन आट्यांतलं अंतर) एक मिलिमीटर. लक्षात ठेवा, दुकानात नुसतं "आठचा टॅप" मागितलात तर सव्वाच्या पिचचा हातात देतील. काकांनी दर बुशला टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा नेला. मध्ये कुणी बोललेलं त्यांना चालत नाही, चहासुद्धा लांब ठेवायचा. ते इंजिन अजून कोरडं आहे.

आता जाता जाता. गंजलेल्या नटाला आधी तेल पाजा, रात्रभर थांबा, मग हात लावा. पितळी नटाला स्क्रू पाना लावणाऱ्याला गाडीच्या जवळ उभं करू नका. मुलाला धंद्यात घालायचं असेल तर आधी दोन वर्षं लेथवर घाला. आणि पाना उसना देऊ नका, सख्ख्या भावालाही.

त्या शटरवाल्याचा पोऱ्या अजूनही येतो. "शेठने पाव व्हिटवर्थ मागितलाय, तासाभरात आणून देतो." आम्ही सांगतो, गाडी ढकलत आण, इथे खोलून देऊ. मजुरी पडेल.