तुम्ही विचारलंत म्हणून: शेवग्याचा पाला आणि एक कोरी ओळ

"ताई, शेवग्याच्या पाल्याचा अर्क फवारला की पीक खरंच वाढतं का हो?"

नारायणगावच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, एसटीत, कुठंही मला हा प्रश्न येतो. आमच्या टोमॅटोच्या बांधावर शेवग्याची सात झाडं आहेत आणि मी त्यांचा पाला वाटून फवारते, हे आजूबाजूच्या गावांत आता सगळ्यांना ठाऊक झालंय. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. तेवढ्यात उत्तर बसत नाही, म्हणून आज नीट लिहिते.

आधी एक गल्लत काढून टाकू. दशपर्णी किंवा निंबोळी अर्क आपण किडीसाठी मारतो. शेवग्याचा अर्क वाढीसाठी आहे, तो मारला म्हणून फुलकिडे जाणार नाहीत. शेवग्याच्या कोवळ्या पानांत झिएटिन नावाचं द्रव्य असतं. पेशींचं विभाजन वाढवणं आणि पान लवकर म्हातारं होऊ न देणं, ही त्याची कामं. त्याचं नाव मक्यावरून पडलं. मक्याचं शास्त्रीय नाव झिया मेज, आणि १९६३ साली न्यूझीलंडमध्ये डेव्हिड लेथम यांनी मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून हे द्रव्य वेगळं काढलं. त्याच्याही आधी, १९४१ मध्ये, धोत्र्याच्या बीतले इवलेसे गर्भ नारळाच्या पाण्यावर वाढवून दाखवले गेले होते. नारळपाण्यातही याच गटातली द्रव्यं असतात. म्हणून कुणी नारळपाणी फवारतो म्हणाला, तर मी त्याला वेड्यात काढत नाही.

शेवग्याच्या अर्काचं प्रमाण ठरवायचं मोठं काम निकाराग्वात निकोलाउस फोइडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. पिळून काढलेल्या रसाच्या बत्तीस ते छत्तीस पट पाणी, असं ते प्रमाण. त्यांच्या प्रयोगांत निरनिराळ्या पिकांचं उत्पादन २० ते ३५ टक्के वाढल्याची नोंद आहे. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठातही यावर बरंच काम झालंय, तिथंही तीस पट पाण्याचं प्रमाण चांगलं ठरलं. आपला फवारणीचा पंप १६ लिटरचा. त्यात अर्धा लिटर रस टाकला की हिशेब बरोबर जुळतो.

पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. चांगली गोष्ट जास्त घातली तर जास्त चांगली, असं वाटून मी एका पंपाला दोन लिटर रस ओतला. तिसऱ्या दिवशी शेंड्याची पानं वाटीसारखी वळली आणि कडा करपल्या. दीडशे रोपं आठवडाभर जागची हलली नाहीत. झाडाच्या अंगातली ही द्रव्यं एवढ्याशा मात्रेत काम करतात की जास्तीची मात्रा तेच काम अडवते.

आता मी काय करते ते सांगते. दिवस कलायच्या जरा आधी शेंड्याकडचा कोवळा पाला ओरबाडून घ्यायचा, देठ काढायचे. किलोभर पाल्याला कपभर पाणी, जास्त नाही. मिक्सरमध्ये वाटला की हिरवागार, मुळ्यासारखा उग्र वासाचा लगदा होतो. तो जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून दोघींनी दोन टोकांनी पिळायचा, मग तो रस पुन्हा दुहेरी फडक्यातून गाळायचा. गाळण्यात आळस केला की दहाव्या मिनिटाला नोझल तुंबतं आणि फवारणारा माणूस वैतागतो. रस त्याच दिवशी संपवायचा, खरं तर पाच तासांच्या आत. एकदा पाऊस आला म्हणून मी तो रात्रभर घागरीत ठेवला, तर सकाळी फेस धरून आंबला होता. तो उकिरड्यावर गेला.

फवारताना नोझल खालून वर धरा. टोमॅटोच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला जास्त असतात. दुपारच्या उन्हात थेंब पानावर पडला की सुकतो आणि आत काही जात नाही. संध्याकाळी मारलं की पान बराच वेळ ओलं राहतं. रस पानावर पसरावा म्हणून मी थोडं रिठ्याचं पाणी घालते.

आता मूळ प्रश्न. वाढतं का?

हे खत नव्हे, एवढं आधी मनात पक्कं करा. शेणखतातून, युरियातून झाडाला जेवण मिळतं. अर्कातून मिळतो तो निरोप. पाहुणे येताहेत, भाकऱ्या टाका, असा निरोप घरी आला, पण डब्यात पीठच नसेल तर घरधनीण काय करणार? मुळाशी ओल नाही, जमिनीत अन्न नाही, सूत्रकृमीनं मुळं गाठाळलीत, अशा झाडावर तुम्ही दर आठ दिवसांनी अर्क मारलात तरी ते हलणार नाही. सगळ्यात कळवळून मला विचारणारी माणसं बहुतेक अशाच प्लॉटवाली असतात. त्यांना मी आधी मुळं उपटून बघायला सांगते.

मात्रा आणि वेळ सांभाळायची असते, हे द्राक्षवाल्यांना पटवावं लागत नाही. ते जी 'जीए' मारतात, ती म्हणजे जिबरेलिक ॲसिड. हे द्रव्य पहिल्यांदा हाती लागलं भाताच्या रोपांना उंच, लुळी करून टाकणाऱ्या एका बुरशीतून. १९२६ मध्ये एइची कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशी वाढवलेलं पाणी नुसतं गाळून दिलं तरी रोपं तशीच ताडमाड वाढतात. पुढं कळलं की हे द्रव्य झाडं स्वतःही बनवतात. घड पोपटी असताना १० पीपीएम, म्हणजे १०० लिटर पाण्याला फक्त १ ग्रॅम. मणी बाजरीएवढा, ज्वारीएवढा झाला की पुढचं डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं. दोन-चार दिवस इकडचे तिकडे झाले तर घडाचा आकार बदलतो, मात्रा वाढली तर देठ जाड आणि कडक होतात. बागायतदार तारखा वहीत लिहून ठेवतो. शेवग्याच्या बाबतीत मात्र आपण 'झाडपाल्याचंच आहे, काय होतंय' म्हणून कधीही, कितीही मारतो. मला त्याचं वाईट वाटतं.

दुकानात वाढीसाठी फवारायच्या ट्रायकॉन्टॅनॉलची बाटली मिळते, तिचाही उगम झाडपाल्यातच आहे. आपण गाईला जो लसूणघास घालतो, तो चिरून टोमॅटोच्या रोपांजवळ टाकला तर पीक नुसत्या नत्राच्या हिशेबापेक्षा जास्त येतं, असं अमेरिकेत मिशिगनला स्टॅन्ले रीस यांना दिसलं. त्यामागचं मेणातलं द्रव्य, म्हणजे हेच ट्रायकॉन्टॅनॉल, त्यांनी १९७७ मध्ये जाहीर केलं. पण पुढं काही ठिकाणी गुण आला, काही ठिकाणी आला नाही. त्याच्याच जातीचं दुसरं द्रव्य अगदी किंचित मिसळलं गेलं तरी परिणाम पुसला जातो, हेही त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं. झाडपाल्याच्या अर्कांसारखी जैव-उत्तेजकं, म्हणजे वाढीला चालना देणारी द्रव्यं, २०२१ मध्ये सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली, तेव्हा कुठलीही बाटली घेतलीत तर लेबल वाचून घ्या.

माझ्या टोमॅटोचं सांगते. करपलेली दीडशे रोपं सोडली, तर त्या पहिल्या वर्षी प्लॉट भरून आला होता. मी भेटेल त्याला अर्काचं कौतुक सांगत सुटले. धाकट्या जावेनं एक दिवस क्रेट भरता भरता विचारलं, "पण वहिनी, न फवारलेलं कुठाय?" मला उत्तर नव्हतं. त्या वर्षी शेणखत दुप्पट पडलं होतं, ठिबकही नवं होतं.

तेव्हापासून दर पाचवी ओळ कोरी ठेवते. तिच्यावर अर्क नाही, बाकी खत, पाणी, औषध सगळं सारखं. तोड्याला त्या ओळींच्या क्रेटवर खडूनं फुली मारायची, वजन वेगळं लिहायचं. तीन हंगामांत दिसलं ते असं: सुरुवातीच्या तोड्यांना काही फरक नाही. मे महिन्याच्या उन्हात कोऱ्या ओळीची खालची पानं आधी पिवळी पडली, फवारलेल्या ओळींची दहा-बारा दिवस जास्त हिरवी राहिली, आणि शेवटच्या दोन-तीन तोड्यांना तिथं ओळीमागं क्रेटभर माल जास्त निघाला. विहिरीजवळच्या काळ्या जमिनीत, जिथं झाडाला कशाचीच ददात नाही, तिथं दोन्हींत काही फरक नाही. तिथं मी आता फवारत नाही. माळाकडच्या तुकड्यावर मात्र न चुकता फवारते. चांगला भाव असेल तेव्हा शेवटच्या तोड्याचा तो एक क्रेट मजुरी काढून देतो.

तुमच्या जमिनीत काय दिसेल, ते तुमचीच कोरी ओळ सांगेल. तिच्या दोन्ही टोकांच्या बांबूंना लाल चिंधी बांधा. आमच्या पुतण्यानं एकदा चिंधी नसल्यामुळं ती ओळही फवारून टाकली आणि त्या तुकड्याची वर्षाची मोजणी गेली. पाला कमी पडला तर दिवस कलायच्या आधी या, झाडं बांधावरच आहेत.