तेल वाढवलं, तिथेच पेट्रोल कमी झालं

दसरा झाला की माझ्या गाळ्यासमोर ग्रासकटरची रांग लागते. कलमांच्या बागेतलं गवत काढायचे हेच दिवस. चिपळूणला चौदा वर्षं मी टू-स्ट्रोक इंजिनं उघडतोय, त्यामुळे रिक्षातून एक काका रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर घेऊन उतरले तेव्हा आधी मी त्याच्या पात्यांकडे बघत राहिलो, आणि कॅनॉपी, म्हणजे पुढचं कवच, काढल्यावर मात्र ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. आत 26 सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, दोरी ओढून चालू करायचं, शेजारी डायाफ्रामचा छोटा कार्बोरेटर. अशी इंजिनं मूळची ग्रासकटरच्याच घराण्यातली.

काकांचं आयुष्य बोटींच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. त्यांनी तक्रार मोजक्या शब्दांत सांगितली. चालू नीट होतं, हवेत चार मिनिटं छान थांबतं, मग आवाज चिरका होतो, ताकद जाते आणि ते खाली बसायला लागतं. दोनदा कसंबसं उतरवलं होतं.

"कार्बच्या स्क्रूंना मी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "2015 साली लावलेत, तसेच आहेत. उलट काळजी म्हणून तेल दुप्पट केलं. आधी लिटरला 20 मिली घालायचो, आता 40 घालतो."

पेट्रोलकडे वळण्याआधी मी बाकीचं बघून घेतलं. टाकीतला फिल्टर साफ होता. आतली नळी कडक झाली होती, ती बदलली. कार्बोरेटरचा पडदा ताठरला होता, तोही बदलला. मग सायलेन्सर उतरवून टॉर्च लावला आणि एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टन हळू वरखाली करून पाहिला. एक्झॉस्टच्या बाजूला दोन बारीक उभ्या रेषा होत्या, केसाएवढ्या. रिंग मोकळी होती, दोरी ओढताना दाबही हाताला चांगला लागत होता. पण ते पाहून पोटात खड्डा पडला. पिस्टन जाम होण्याआधी असंच दिसतं. ग्रासकटर जाम झालं तर माणूस शिव्या घालून घरी जातो. इथे दीड मीटरचा पंखा डोक्याएवढ्या उंचीवर फिरतो आणि पात्याच्या टोकाचा वेग ताशी 400 किलोमीटरच्या घरात असतो.

मग काकांच्या कॅनमधलं, अजून तेल न घातलेलं पेट्रोल घेतलं. 100 मिलीच्या नळकांड्यात 10 मिली पाणी, वर 100 च्या रेषेपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात उतरतं. थोड्या वेळाने खालचा थर 28 च्या आसपास स्थिरावला, म्हणजे 90 मिलीमध्ये साधारण 18 मिली इथेनॉल. वीस टक्के.

काका नळकांडं उजेडात धरून बराच वेळ बघत होते. देशात 2014 च्या सुमारास पेट्रोलमध्ये इथेनॉल सरासरी दीड टक्का होतं, 2025 मध्ये ते 20 टक्क्यांवर आलं. त्यांच्या स्क्रूंना यातलं काहीच कळलेलं नव्हतं. साधं पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. हवा तेवढीच असेल तर इंधन आठेक टक्के जास्त जायला हवं. कार्बोरेटरमधलं इंधन सोडणारं भोक मात्र 2015 चंच. मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं, आणि इंजिन तापायला लागलं.

तेलाची गोष्ट त्यांना पटवायला जास्त वेळ लागला. जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण, असं माझी निम्मी गिऱ्हाइकं धरून चालतात. पण कार्बोरेटरच्या भोकातून जे जातं त्यात तेल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं, शिवाय मिश्रण दाट झाल्याने ते भोकातून जातंही कमी. लिटरमागचे ते 20 मिली एकटे असते तर कदाचित जाणवलेही नसते. इथे आधीच लीन चाललेल्या इंजिनाला ते आणखी लीन करत होते. सिंथेटिक तेल होतं, म्हणून आम्ही 1 ला 32 वर आलो, लिटरला 31 मिली.

दुपारी गावाबाहेरच्या सड्यावर गेलो. गवत पिवळं पडलेलं, कातळ तापलेला, माणूस काणूस नाही. ग्रासकटर मी हातात धरून, रेस देऊन, कानाने लावतो. इथे ते जमत नाही. पाती सपाट असताना इंजिनावर भारच नसतो, आणि हवेत गेल्यावर गव्हर्नर फेरे कायम ठेवायला थ्रॉटल आपणहून उघडत जातो. इंजिन दमत असतं, पंखा मात्र त्याच वेगाने फिरत असतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की लपवायला काही उरत नाही. काकांची चार मिनिटं संपायची ती अशी.

म्हणून मुद्दाम उलट टोकापासून सुरुवात केली. कार्बोरेटरचा एच स्क्रू, म्हणजे जास्त वेगाचं इंधन ठरवणारा, सव्वा फेऱ्यावर होता, तो पावणेदोनपर्यंत उघडला. एल, कमी वेगाचा, एक फेऱ्यावरून सव्वावर नेला. काकांनी उचललं तर फटफट आवाज, धूर, शेपटी थरथरतेय. रिच, म्हणजे इंधन जास्त. हेच हवं होतं, रिच इंजिन नुसतं कुरकुरतं. उतरवायचं, पंखा पूर्ण थांबू द्यायचा, घड्याळाच्या काट्याने दीड तास सरकावं एवढाच स्क्रू बंद करायचा, पुन्हा उडवायचं. पहिल्या वेळी थरथर कमी झाली. दुसऱ्या वेळी, दीड फेऱ्यावर, आवाज भरीव झाला. चढवताना फक्त जरासा जड वाटायचा. तिथेच थांबलो. अजून थोडं बंद केलं असतं तर ताकद वाढल्यासारखी वाटली असती, आणि याच मोहात इंजिनं जातात. सकाळी जुन्या सेटिंगवर दोनच मिनिटं चालवून प्लगजवळ टेंपरेचर गन धरली होती तेव्हा 204 अंश सेल्सिअस आलं होतं. आता आठ मिनिटं उडून उतरल्यावर 168. प्लग काढला, टोक चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं.

काकांकडे दुसरा एक छोटा कॅन होता, मुलाने पुण्याहून आणलेलं 100 ऑक्टेनचं पेट्रोल. नळकांड्यात त्याचा खालचा थर 10 वरून हललाच नाही, इथेनॉल शून्य. त्यात तेच 1 ला 32 तेल घालून, स्क्रूला हात न लावता उडवलं, तर दीड फेऱ्यावर ते पुन्हा फटफटायला लागलं. एच सव्वावर आणला आणि तोच भरीव आवाज परत आला. 2015 मध्ये काकांनी स्क्रू बरोबर लावले होते, हे मी त्यांना मोठ्याने सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा सैल झाला.

कॅनॉपीच्या आत दोन पट्ट्या चिकटवल्या. एकीवर "पंपाचं: एच दीड", दुसरीवर "100 चं: एच सव्वा". खाली काकांनी स्वतःच्या अक्षरात भर घातली: उडवून झालं की टाकी रिकामी, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवायचं. कोकणातल्या हवेत इथेनॉल पाणी ओढतं, हे त्यांना समुद्रावर राहिल्याने माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

ऊन उतरल्यावर गाळ्यात आलो. काका घाईत होते, तरी मी सायलेन्सर पुन्हा उतरवला आणि टॉर्च लावला. रेषा दोनच होत्या, सकाळएवढ्याच.