भूल दिल्यावर मन कुठे जातं?

मी भूलतज्ज्ञ आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस जिलबीपर्यंत थांबतो आणि मग विचारतो, "रोज माणसांचं भान घालवून परत आणता, म्हणजे मन म्हणजे मेंदूच ना? मग चराचरात देव म्हणतात ते काय?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

मागे एक निवृत्त मास्तर हर्नियासाठी आले होते. आकडे मोजा म्हटलं, तर त्यांनी एकोणतीसचा पाढा धरला. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध दुधासारखं पांढरं असतं. ६० किलोच्या माणसाला साधारण १२ मिली लागतं. "हात झोंबतोय हो," म्हणाले, पुन्हा पाढ्यावर आले आणि "एकोणतीस त्रिक..." वर थांबले. सत्त्याऐंशी आलंच नाही.

हे कसं होतं ते बऱ्यापैकी ठाऊक आहे. मेंदूतल्या पेशींना आवर घालणारं गाबा नावाचं रसायन असतं, त्याचा जोर हे औषध वाढवतं. भूल किती खोल आहे हे कपाळावरच्या पट्टीतून यंत्र ० ते १०० मधल्या आकड्याने दाखवतं. तो ४० ते ६० मध्ये राहिला की मी निर्धास्त. पण पेशींच्या या विजेतून 'हात झोंबतोय' असं कुणाला तरी वाटतं, ते का, हे तो आकडा सांगत नाही. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती, की जाणिवेची मेंदूतली खूण २५ वर्षांत स्पष्ट सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॉख यांनी हार मानून वाइनच्या बाटल्या दिल्या.

आमच्या घरी रोज हरिपाठ व्हायचा, त्यामुळे चराचरातला देव माझ्या कानाला परका नाही. तरी या बाबतीत मला सतराव्या शतकातला तत्त्वज्ञ स्पिनोझा जवळचा वाटतो. १६५६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं. पुढे भिंगं घासून पोट भरलं. देव आणि निसर्ग एकच, मन आणि शरीर ही एकाच गोष्टीची दोन अंगं, असं त्याचं म्हणणं. आत्मा शरीराहून वेगळा मानणाऱ्यांना माझ्या १२ मिलीचा हिशोब द्यावा लागतो. स्पिनोझाला नाही: शरीर बदललं, म्हणजे मन बदललंच. पण कमी-अधिक प्रमाणात प्रत्येक वस्तूला मन आहे, असंही तो म्हणतो. मग माझ्या ऑपरेशन टेबलालाही? इथे माझी गाडी अडते, आणि विज्ञानाची 'हात झोंबतोय' असं वाटतं तरी का, तिथे अडते. मेंदूशिवाय मन मी पाहिलेलं नाही, एवढंच छातीठोक सांगू शकते.

मास्तरांनी दीड तासाने डोळे उघडले आणि विचारलं, "सुरू कधी करताय?" झालं म्हटलं तर पटेना. झोपेतून उठलेल्या माणसाला निदान झोपलो होतो एवढं तरी कळतं. त्यांनी पोटावरची पट्टी चाचपली, मग भिंतीवरचं घड्याळ दोनदा पाहिलं.