रुमालाचं पॅराशूट आणि पांढऱ्या कोंबड्या

बर्लिनच्या टेम्पलहॉफ विमानतळावर उतरताना अमेरिकन लष्करी वैमानिक गेल हॅल्व्हरसन यांच्या सी-५४ या मालवाहू विमानाचा वेग ताशी १७५ किलोमीटरच्या आसपास असायचा. त्या वेगानं खाली थांबलेल्या मुलांसाठी चॉकलेटचं पुडकं नुसतं टाकलं, तर एखाद्या पोराचं डोकंच फुटायचं. म्हणून रुमाल घ्यायचा, चारही कोपऱ्यांना दोरे बांधायचे, टोकं एकत्र करून खाऊ अडकवायचा आणि पायलटच्या सीटमागे फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याची ज्योत, सोडायची जी नळी असते, तिच्यातून बाहेर ढकलायचा. सेकंदाचा उशीर झाला तरी माल पन्नास मीटर पुढे जाणार. कुंपणापाशी थांबलेल्या मुलांना आपलं विमान ओळखता यावं, म्हणून हॅल्व्हरसन आधी पंख हलवत. मुलं त्यांना 'पंख हलवणारे काका' म्हणू लागली.

हा १९४८ चा उन्हाळा. सोव्हिएत नाकेबंदीमुळे जमिनीवरचे मार्ग बंद होते, त्यामुळे पश्चिम बर्लिनचं पीठ-कोळसाही विमानानंच येत होतं. धावपट्टीजवळ राहणाऱ्या सात वर्षांच्या मर्सिडीजनं काकांना पत्र लिहिलं. विमानांना ससाणे समजून आमच्या कोंबड्या घाबरतात, अंडी देत नाहीत, अशी तिची तक्रार होती. त्या टंचाईत अंडं ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. तरीही पांढऱ्या कोंबड्या दिसल्या की तिथंच खाऊ टाका, त्या घाबरल्या तरी चालेल, असं तिनं कळवलं!

हॅल्व्हरसन यांनी कोंबड्या शोधल्या, पण सापडल्या नाहीत. सापडणार तरी कशा? उंच इमारतींमधली अंगणं वरून क्षणभरच दिसतात, रुमाल वाऱ्यावर भरकटतो. पुन्हा एक फेरी मारून बघण्याचीही सोय नव्हती. विमानं एकामागोमाग काही मिनिटांच्या अंतरानं येत. ऑगस्टमध्ये एकदा आकाशात विमानांची कोंडी झाली, त्या गोंधळानंतर तर नियमच झाला होता: उतरणं हुकलं की मालासकट तळावर परत.

मग त्यांनी सरळ पोस्टानं पत्र पाठवलं, सोबत खाऊ. या साऱ्या उपक्रमात सुमारे २३ टन खाऊ टाकला गेला, तो आकडा सगळीकडे सांगतात. मला मात्र हे एक पाकीट जास्त मोलाचं वाटतं. युद्धानं मर्सिडीजचे वडील हिरावले होते, आणि एका अनोळखी अमेरिकन लष्करी वैमानिकानं खास तिच्यासाठी पत्र लिहिलं होतं. खाऊपेक्षा तिला त्या पत्राचंच अप्रूप होतं.

सत्तरच्या दशकात हॅल्व्हरसन टेम्पलहॉफचे कमांडर म्हणून परतले. १९७२ मध्ये मर्सिडीजनं नवऱ्यासह त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि जपून ठेवलेलं ते पत्र दाखवलं. त्यानंतर दोन्ही कुटुंबांचं येणं-जाणं सुरू झालं. २०२२ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी हॅल्व्हरसन गेले, तोवर ही मैत्री टिकली.