मालक कोण, इथेच चर्चा संपते

“ते त्यांचंच चॅनल आहे, त्यावर काय विश्वास ठेवायचा!”

आज एका वादात कुणीतरी बातमी पुढे केली आणि समोरच्याने ती या एका वाक्यात निकालात काढली. उघडूनही पाहिली नाही. आत न्यायालयाच्या आदेशाची प्रत होती, वार्ताहराचं नाव होतं, दुसऱ्या बाजूचं म्हणणंही होतं.

मालक कोण, जाहिराती कुणाच्या, हे विचारायलाच हवं. पण पडताळणी तिथून सुरू व्हायला हवी ना?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांच्या वेबसाइट वाचण्याच्या पद्धतीची तुलना केली. पीएचडी झालेले इतिहासकारसुद्धा अनेकदा रुबाबदार लोगोला फसले. तपासनीस मात्र त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. लगेच दुसरे टॅब उघडून या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात, ते आधी शोधलं.

म्हणजे विद्वत्तेपेक्षा सवय कामी आली. मला हे फार आश्वासक वाटतं, कारण सवय कुणालाही लावून घेता येते.

चूक झाल्यावर ते माध्यम दुरुस्ती ठळकपणे छापतं का, हे मी हल्ली आवर्जून बघते. तुम्ही काय बघता?