आमची वाटचाल : पेटीतली हवा

तुर्भे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला सोनारांच्या आणि साडीवाल्यांच्या शोकेस बनायच्या. काच लखलखली, लाइट नीट पडला की गिऱ्हाईक खूश. मग एका छोट्या संग्रहालयाची नाण्यांच्या पेट्यांची ऑर्डर आली. आम्ही नेहमीसारखंच काम केलं. आत प्लायवूड, त्यावर मखमल, काचेच्या सांध्यात ते लावताना व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन.

पावसाळा संपता संपता तिथल्या मॅडमचा फोन आला. जाऊन पेटी उघडली, तर तोच आंबूस वास नाकात शिरला. तांब्याच्या नाण्यांच्या कडांना हिरवी भुकटी धरली होती. सिलिकॉनमधून आणि लाकडातून निघालेली आम्लाची वाफ बंद पेटीत कोंडली होती. शेकडो वर्षं टिकलेली नाणी आमच्या पेटीत चार महिन्यांत खराब झाली, याचं फार वाईट वाटलं. पेट्या परत आणल्या आणि सगळे पैसे फेडले.

माझी बायको बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वाढली. सात-सात घरं एकेका अंगणाभोवती, आणि हवा कशी खेळती! ती वसाहत चार्ल्स कोरियांची. १९६४ मध्ये प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडणारे, पुढे ते शहर वसवणाऱ्या सिडकोचे चीफ आर्किटेक्ट झालेले, तेच कोरिया. भोपाळचं भारत भवन, दिल्लीचं क्राफ्ट्स म्युझियम, जयपूरचं जवाहर कला केंद्र हेही त्यांचंच, हे मला तिच्याकडून कळलं.

मग अहमदाबादला साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय बघायला गेलो. ते १९६३ चं, म्हणजे कोरियांनी ते तिशीच्या आसपास केलं. सहा मीटर बाय सहा मीटरचे चौक, विटांचे खांब, वर कौलं. खिडक्यांना काच नाहीच, लाकडी झडपा आहेत. काचेवर पोट असलेला मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. खोली अशी मोकळी ठेवायची, तर आतल्या कागदाला दमटपणापासून सांभाळायचं काम पेटीचं. म्हणून इमारतीचा नकाशा कागदावर असतानाच पेटीवाल्याला बोलवावं, असं मी प्रत्येक आर्किटेक्टला सांगतो. काही ऐकतात.

आता आम्ही न्यूट्रल, म्हणजे आम्लाची वाफ न सोडणारं सिलिकॉन वापरतो, प्लायवूडऐवजी पावडर कोटिंग केलेला पत्रा, आणि तळाला दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलचा वेगळा कप्पा, म्हणजे वस्तूला हात न लावता जेल बदलता येतं. जुने कपडे आणि कागद यांच्यावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर जाऊ देत नाही. कुठलंही नवं कापड आलं की त्याचा तुकडा, थोडं पाणी आणि शिसं, तांबं, चांदी यांच्या घासलेल्या पट्ट्या काचेच्या नळीत बंद करून ओव्हनमध्ये ६० अंश सेल्सिअसवर २८ दिवस ठेवतो. पट्टी काळवंडली किंवा पांढरी पडली, की ते कापड बाद.

सध्या ओव्हनमध्ये एका गिऱ्हाइकाने आवडीने निवडलेली निळी मखमल आहे. त्यांचे रोज फोन येतात. अजून अकरा दिवस आहेत.