हाल राजाचं स्टेटस

हाल सातवाहनानं कोटभर गाथांमधून सातशे निवडल्या, असं गाथासप्तशती या जुन्या प्राकृत कवितासंग्रहाच्या सुरुवातीलाच लिहिलंय. म्हणजे हा राजा माझ्या लेखी ग्रुप अ‍ॅडमिन. स्वतःच्या थोड्या टाकल्या, बाकी लोकांच्या; त्यात रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा बायकाही. फॉरवर्डचा कचरा वेळीच काढला, जे आमच्या गावच्या एकाही अ‍ॅडमिनला जमलेलं नाही. राजधानी पैठण असली तरी माणूस परका नाही. माझ्या आजोळकडे, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला, १९३९ साली त्याच्याच घराण्याच्या नाण्यांचं घबाड सापडलं होतं.

गाथा दोनच ओळींची, स्टेटसवर नेमकी बसते. शिलाई मशीनवर बसण्याआधी मी एखादी आमच्या बोलीत करून टाकते. पहिली ही:

'आज गेला, आज गेला, आजच गेला...'
अर्धा दिवस नाही झाला तं भीत रेघोट्यायनं भरली.

नवरा परगावी गेला की दिवसाला एक रेघ ओढायची. हिनं दुपारच्या आतच भिंत संपवली. लगेच जावेचा मेसेज, "काहून वं, भाऊजी कुठी गेले?" भाऊजी समोरच चहा पीत होते.

स्टेटसची गंमतच ती. दिसतं साऱ्या गावाला, असतं एकासाठी. गाथेतही कोण कोणाला बोलतंय ते बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं. टीकाकार शतकानुशतकं तेच हुडकत बसलेत.

मग ही टाकली:

फिरा महाराज बिनघोर, तो कुत्रा मेला आज.
नदीकाठच्या झुडपातल्या वाघानं मारला त्याले.

मुळात नदी गोदावरी आणि जनावर सिंह. पण पांढरकवड्याच्या बाजूला सिंहाला कोण भिणार? टिपेश्वरचं जंगल उशाशी, म्हणून वाघ केला. झालं, फोनवर फोन. "कोन्या नाल्यावर?" चुलतसासऱ्यांची त्या दिवशी रात्रीची लाईन होती, ओलिताला जाणं त्यांनी रद्दच केलं.

मूळच्या बाईचा बेत तरी दुसरा काय होता? त्या झाडीत तिची भेटायची जागा, आणि हा बुवा तिथं फुलं तोडत फिरतो. 'येऊ नका' असं ती म्हणत नाही, 'खुशाल फिरा' म्हणते. शब्द एक सांगतात आणि सुचतं त्याच्या अगदी उलट, हे दाखवायला आनंदवर्धनानं नवव्या शतकात ध्वन्यालोक या काव्यशास्त्राच्या संस्कृत ग्रंथात हीच गाथा घेतली. त्याच्या वाचकांना बाकी ओलिताला जायचं नव्हतं.

'सासू इथं झोपते, मी इथं. वाटसरा, उजेडातच पाहून ठेव' ही मात्र टाकली नाही. सासूबाई माझं स्टेटस न चुकता बघतात.

सगळ्यांत आपली वाटते ती कापसाची. वावरात पऱ्हाटीसाठी नांगर घालायचा मुहूर्त आहे, आणि नांगराची पूजा करताना बाईचे हात थरथरताहेत. भक्तीनं नाही. पीक वाढलं की चोरून भेटायला आडोसा होणार, हे तिच्या डोळ्यांपुढे आत्ताच उभं राहिलंय. नांगराच्या पहिल्या तासालाच ती वेचणीच्या हंगामात पोचलेली! हे असं दोन ओळींत आजवर मला कुठं सापडलेलं नाही.

ती टाकली तेव्हा जाऊ कापूस वेचून आली होती. कंबरेचं ओटीचं फडकं सोडता सोडता म्हणाली, "आताच्या पऱ्हाटीत कोन लपते वं? डोकं वर राह्यते. तुरीच्या तासात बसव तिले."